लर्निंगच्या प्रश्नांमागचे रस्ते

फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग आलं तर काय कराल? लर्निंग लायसन्सच्या परीक्षेतला हा जुना, ठरलेला प्रश्न. पर्याय साधारण असे असतात: हॉर्न वाजवत पटकन पार करायचं, वेग थोडा कमी करून पुढं जायचं, किंवा गाडी थांबवून दोन्ही बाजूंना बघायचं आणि रेल्वे येत नाही याची खात्री झाल्यावरच पुढं जायचं. तिसरा पर्याय बरोबर, हे कुणीही सांगेल. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ उघडून वाचलं तर त्यात याहून जास्त आहे. गाडीत कंडक्टर किंवा क्लीनर असेल तर त्यानं खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजू बघायच्या आणि मग गाडी पार करून घ्यायची. बरोबर कुणीच नसेल तर चालकानं स्वतः उतरायचं. म्हणजे मोटारसायकलवरून एकट्या निघालेल्या माणसानंही गाडी स्टँडवर लावायची, रुळापर्यंत चालत जाऊन बघून यायचं आणि मग किक मारायची.

ब्रॉडगेजवरची अशी बिनफाटकाची सगळी क्रॉसिंग रेल्वेनं जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकली. पुणे-सातारा-मिरज मार्गावर ती आता भेटणार नाहीत. तरीही हा प्रश्न मनापासून समजून घ्यावा असं मला वाटतं, कारण परीक्षेतल्या निम्म्याअधिक उत्तरांचं मूळ त्यात आहे. नजर जिथवर पोचत नाही तिथं वेगानं जायचं नाही. दिसत नसेल तर थांबायचं, गरज पडली तर उतरून बघायचं. वळणावर ओव्हरटेक का नाही, समोरून गाडी आली की लाइट डिम का करायचा, धुक्यात वेग का कमी, चौकात उजवीकडं का बघायचं, हे वेगवेगळे नियम म्हणून घोकण्यापेक्षा या एका गोष्टीतून समजून घेतले तर परीक्षा सोपी जाते. पुढं आयुष्यभर तेच कामाला येतं.

आधी परीक्षेचं स्वरूप. सातारा एमएच-११, सांगली एमएच-१०, कराड एमएच-५०. नंबरप्लेट कुठलीही असो, लर्निंगची परीक्षा सगळीकडं एकच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या अकराव्या नियमानं तिचा अभ्यासक्रम ठरवून दिला आहे: वाहतुकीची चिन्हं, सिग्नल आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्यं, बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर घ्यायची खबरदारी, आणि गाडी चालवताना जवळ बाळगायची कागदपत्रं. निदान ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. आपल्याकडं संगणकावर १५ प्रश्न येतात आणि ९ बरोबर आले की पास. मराठीतून परीक्षा देता येते आणि ज्याला मराठीत विचार करायची सवय आहे त्यानं मराठीच निवडावी, कारण प्रत्येक प्रश्नाला वेळ मोजून मिळतो आणि तो वाचण्यातच जातो. लर्निंगची फी गाडीच्या एका प्रकाराला १५० रुपये, परीक्षेची ५०. नापास झालात तर परीक्षेचे ५० पुन्हा भरून परत बसता येतं.

पूर्वी हे सगळं आरटीओत होई, आणि संगणक येण्याआधी तर तोंडी. जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे घरबसल्या परीक्षा देता येऊ लागली. अर्ज, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ, मग प्रश्न, सगळं सारथी पोर्टलवर. जतहून सांगलीला किंवा म्हसवडहून साताऱ्याला येण्यात ज्यांचा अख्खा दिवस आणि एक हजेरी मोडायची त्यांच्यासाठी ही मोठीच सोय झाली. पण तिचा एक तोटा जागोजागी दिसतो. उत्तरं दुसऱ्याच कुणीतरी टिक करायची आणि अर्जदारानं फक्त कॅमेऱ्यासमोर बसायचं, असे प्रकार चालतात. तो गुन्हा आहेच. शिवाय यात नुकसान होतं ते परीक्षार्थीचं. चालकाला रस्त्याच्या नियमांबद्दल सरकार समोरासमोर विचारतं ते आयुष्यात बहुधा एकदाच. त्यानंतर लायसन्सचं नूतनीकरण होतं, पत्ता बदलतो, गाडी बदलते, पण ते प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही.

पास होण्याची एक युक्ती मित्र मित्राला सांगतो: ज्या पर्यायात ‘थांबा’, ‘वेग कमी करा’ किंवा ‘वाट द्या’ असेल त्यावर टिक करायची. ही युक्ती बऱ्याच वेळा खरंच चालते आणि मी तिला नावं ठेवणार नाही, कारण नियमांचा कल तसाच आहे. पण चिन्हांच्या आणि आकड्यांच्या प्रश्नांत ती फसते. शिवाय ‘थांबा’ हे उत्तर का बरोबर, याचा तिनं पत्ता लागत नाही. तो लागतो साध्या हिशोबानं.

समजा तुम्ही ताशी ६० किलोमीटरनं निघाला आहात. सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोर काहीतरी दिसलं, मेंदूनं ओळखलं, हात ब्रेकवर गेला, यात सावध माणसाचाही एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर गेले. कोरड्या डांबरावर, चांगले टायर आणि दोन्ही ब्रेक नीट लावून गाडी उभी राहायला आणखी साधारण २३ मीटर. एकूण ४०. हाच वेग ४० असता तर एकूण २१ मीटरमध्ये गाडी उभी राहिली असती, आणि ८० असता तर ६३ मीटर लागले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. पावसानं ओल्या झालेल्या रस्त्यावर ते आणखी वाढतं. पहिल्या वळवाच्या सरीनंतर तर सर्वांत जास्त, कारण रस्त्यावर महिनोन्‌महिने साचलेलं तेल, डिझेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते.

कायद्याची वेगमर्यादा याच्या शेजारी ठेवून बघा. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारसायकलला दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर ताशी ८०, शहराच्या हद्दीत आणि इतर रस्त्यांवर ६०. त्याहून कमी मर्यादेची पाटी असेल तर ती पाटी खरी. हे आकडे म्हणजे त्याहून जास्त नको एवढंच. तेवढ्यानं जायलाच हवं असं कुणी म्हटलेलं नाही.

आता हाच हिशोब रात्रीचा करू. डिम लाइटचा उपयोगी उजेड ढोबळमानानं ३० ते ४० मीटर पुढं पडतो. तुम्हाला थांबायला लागतात ४०. म्हणजे ताशी ६० नं जाताना तुम्ही तुमच्याच उजेडाच्या टोकावर चालला आहात. समोरची वस्तू दिसेल तेव्हा थांबायला जागा उरलेली नसेल. आणि सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत अशी एक वस्तू रात्रभर असते.

गाळप हंगाम सुरू झाला की शेंद्र्याचा अजिंक्यतारा, भुईंजचा किसन वीर, कराडचा सह्याद्री, रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा अशा कारखान्यांकडं फडाफडांतून ऊस निघतो. ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या. मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंना हातहातभर आलेल्या. वाढी लोंबत असतात आणि ट्रॉलीचा मागचा दिवा असलाच तर त्यांच्याआड गेलेला. ट्रॅक्टर ताशी १५-२० नं चाललेला. मागून येणाऱ्या दुचाकीला दिसतो तो करड्या-हिरव्या रंगाचा ढीग. अंधारात या रंगावर उजेड पडून परत काहीच येत नाही. ट्रॉली पंक्चर झाली तर ती रस्त्याच्या कडेला, कधी अर्धी डांबरावर, चाकामागं दगड लावून रात्रभर उभी राहते. सकाळी ट्रॉली जाते आणि दगड मागं राहतात. हंगामाच्या तोंडावर कारखाने आणि परिवहन खातं ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, आणि ते लावलेच पाहिजेत, पण चिखल आणि पाचट बसलं की चार दिवसांत त्यांची चमक जाते. ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांवर तर बहुतेक वेळा काहीच नसतं.

परीक्षेतला ‘समोरून वाहन येत असेल तर हेडलाइट डिम करावा’ हा एका गुणाचा प्रश्न इथं जीवनमरणाचा होतो. समोरच्यानं अपर लाइट मारला की तुमच्या डोळ्यांपुढं काही सेकंद अंधारी येते आणि नेमकी तेवढ्यात ट्रॉली पुढं असते. तुम्ही अपर मारला तर हेच त्याचं होतं. दिपल्यावर करायचं ते एवढंच: नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची आणि वेग लगेच कमी करायचा, डोळे सरावेपर्यंत. जोडट्रॉलीला ओव्हरटेक करायचं असेल तर त्याचाही हिशोब आहे. ट्रॅक्टर २० नं, तुम्ही ५० नं. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांची लांबी वीसेक मीटर धरा, मागं-पुढं दहा-दहा मीटर सुरक्षित अंतर. हे ४० मीटर कापायला तुम्हाला पाच सेकंद लागतात आणि त्यात तुम्ही रस्त्यावर ६५-७० मीटर पुढं गेलेले असता. समोरून कुणी ६० नं येत असेल तर तेवढ्यात तो ८० मीटर आलेला असतो. म्हणजे दीडशे मीटर मोकळा रस्ता डोळ्यांना दिसल्याशिवाय बाहेर निघायचं नाही. तासगाव किंवा इस्लामपूरकडच्या अरुंद, बाभळींनी वेढलेल्या रस्त्यावर दीडशे मीटर सलग दिसणं किती दुर्मीळ आहे, हे तिथून रोज जाणाऱ्याला माहीत आहे. ‘ओव्हरटेक कधी करू नये’ या प्रश्नाची पर्यायांतली उत्तरं (वळण, चढाचा माथा, चौक, पादचारी पट्टे, सलग पट्टी) या एकाच कारणानं बरोबर आहेत. यांतल्या कुठल्याच ठिकाणी दीडशे मीटर दिसत नाहीत किंवा मोकळे राहत नाहीत.

घाटातले प्रश्न साताऱ्याच्या मुलांना खरं तर सोपे जायला हवेत. यवतेश्वरचा घाट, पसरणी, केळघर, खंबाटकी हे सगळे आसपासच. अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर कुणी थांबायचं? उतरणाऱ्यानं. वर चढणाऱ्याची वाट पहिली. कारण उघड आहे: चढावर एकदा गाडी थांबली की क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर तिन्ही सांभाळत ती पुन्हा उचलावी लागते, भरलेली गाडी असेल तर ती मागं घरंगळण्याचा धोका. उतरणारा नुसत्या ब्रेकवर थांबू शकतो. कास पठारासारख्या ठिकाणी फुलांच्या हंगामात, ऑगस्ट ते ऑक्टोबर, गर्दी, धुकं आणि चिखल एकदम येतो तेव्हा हा एक नियम सगळ्यांनी पाळला तर तासाचा खोळंबा दहा मिनिटांत सुटेल.

घाट उतरताना इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय पेट्रोल वाचवायच्या नादात पुष्कळांना आहे. उतार खालच्या गिअरमध्येच उतरायचा. इंजिन स्वतः गाडीला धरून ठेवतं, ब्रेकला विश्रांती मिळते आणि ते तापून मंद होत नाहीत. ब्रेकबद्दल आणखी एक गोष्ट, कारण गावाकडं ‘पुढचा ब्रेक लावू नको, तोंडावर पडशील’ हा सल्ला बापाकडून मुलाला मिळतो. गाडीचा वेग कमी होताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळं थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. सरळ रेषेत, दोन्ही ब्रेक एकत्र आणि दाब हळूहळू वाढवत लावायचा. वळणावर, खडीवर किंवा ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर मात्र तो सल्ला काही अंशी बरोबर ठरतो. तिथं वेग वळणाच्या आधीच कमी केलेला असावा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या मोटारसायकलींना एबीएस आणि त्याखालच्यांना कॉम्बी ब्रेक बंधनकारक आहे, पण घरातली जुनी गाडीच बहुतेक मुलांच्या हातात पहिल्यांदा येते. तिला यातलं काहीच नसतं.

चौकांचे प्रश्न. गोलाकार चौकात आधी कुणी जायचं? उजवीकडून येणाऱ्यानं. आपण डाव्या बाजूनं गाडी चालवतो, त्यामुळं चौकाच्या गोलात आधीच फिरत असलेली गाडी आपल्याला उजवीकडून येताना दिसते. तिला वाट दिली की गोल रिकामा होत राहतो. आत शिरणाऱ्यानं आधी घुसायचं ठरवलं तर गोल आतूनच भरतो आणि कुणालाच बाहेर पडता येत नाही. ब्रिटननं हा नियम १९६६ साली लागू केला तो याचसाठी. सांगलीत विश्रामबागच्या चौकात संध्याकाळी सहाला उभं राहून बघितलं की नियम पाळल्यावर आणि मोडल्यावर काय होतं ते दोन्ही मिनिटभरात कळतं. साताऱ्यात पोवई नाक्यावर इतके रस्ते येऊन मिळतात की तिथं शेवटी ग्रेड सेपरेटर बांधावा लागला. सिग्नल नसलेल्या साध्या चौकातही उजवीकडचा आधी. लाल दिवा उघडझाप करत असेल तर थांबून, बघून पुढं; पिवळा उघडझाप करत असेल तर वेग कमी करून सावधपणे. हा फरक परीक्षेत हमखास विचारतात आणि हमखास चुकतो.

चिन्हांसाठी पोरं रात्रभर तक्ता पाठ करतात. आधी आकार समजून घ्यावेत. गोल म्हणजे हुकूम: लाल कडेचा गोल बहुतेक मनाई सांगतो, निळा गोल सक्ती. त्रिकोण म्हणजे सावधगिरी. निळा चौकोन म्हणजे माहिती. दोनच चिन्हांना स्वतःचा वेगळा आकार आहे: ‘थांबा’ अष्टकोनी आणि ‘रस्ता द्या’ उलटा त्रिकोण. ती चिखलानं माखलेली असली किंवा पाठीमागून दिसली तरी ओळखू यावीत, म्हणून. गोंधळ होतो तो जोड्यांत. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ म्हणजे पार्किंगला मनाई. दोन रेघांची फुली म्हणजे थांबायलाही मनाई. त्रिकोणात फाटकाचं चित्र असेल तर पुढचं क्रॉसिंग फाटकाचं, इंजिनाचं चित्र असेल तर बिनफाटकाचं. खाली दोन पट्ट्या म्हणजे ते सुमारे २०० मीटरवर, एक पट्टी म्हणजे ५० ते १०० मीटरवर. चढ आणि उताराची चिन्हंही अशीच फसवतात.

चिन्हं शिकायची उत्तम जागा पुस्तकापेक्षा एसटीची खिडकी. सातारा-सांगली प्रवासात डाव्या बाजूची जागा धरायची आणि दिसेल त्या पाटीचं नाव, ती तिथंच का लावली आणि ती दिसल्यावर आपण मोटारसायकलवर असतो तर काय केलं असतं, हे मनात म्हणत जायचं. पाटीनंतर किती वेळानं ते वळण, तो पूल, ती शाळा आली, हे बघायचं. एका फेरीत तक्त्यातली बरीच चिन्हं पक्की होतात. ब्रिटनमध्ये २००२ पासून लेखी परीक्षेत रस्त्याच्या व्हिडिओ फिती दाखवतात आणि धोका जन्माला येताना दिसला की लगेच क्लिक करायला सांगतात. उशीर झाला की गुण कमी. आपल्या लर्निंगमध्ये तसं नाही, व्हावं असं मला फार वाटतं. तोवर ही परीक्षा आपली आपण खिडकीतून देता येते: रस्त्याकडं पाठ करून बोलत उभा असलेला माणूस, थांब्यावरून निघायच्या बेतात असलेली एसटी, रिक्षाच्या पुढच्या चाकाची हलकं वळण घेणारी दिशा, रस्त्यापलीकडच्या हिरव्या चाऱ्याकडं बघणारी म्हैस.

जनावरांचा विषय आपल्याकडं नुसता प्रश्नपत्रिकेपुरता नाही. माण, खटाव, आटपाडी, जतचे धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन रस्त्यानं जातात. कळप दिसला की वेग पार कमी करायचा, हॉर्न वाजवायचा नाही, मेंढपाळाच्या हाताकडं लक्ष ठेवायचं. हॉर्ननं मेंढरं बाजूला होत नाहीत, विखुरतात. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी सातारा जिल्ह्यातून जाते तेव्हाही हेच. पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर ती काठी हाच थांबण्याचा सिग्नल. मिरजेत कितीतरी इस्पितळं आहेत. इस्पितळ, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा टापू शांतता क्षेत्रात येतो, तिथं हॉर्न नाही. रुग्णवाहिकेला वाट न देण्याचा दंड कायद्यात १०,००० रुपये आहे.

अभ्यासक्रमातला जो भाग लोक सर्वांत कमी वाचतात तो अपघातानंतरच्या कर्तव्यांचा, म्हणजे कलम १३४. तुमच्या गाडीमुळं कुणाला इजा झाली तर त्याला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची. जमाव अंगावर येण्यासारखी किंवा तुमच्या हाताबाहेरची परिस्थिती हाच काय तो अपवाद. पोलिसांना शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत कळवायचं. विमा कंपनीलाही कळवायचं. आणि तुम्ही नुसते तिथून जाणारे असाल तर? ‘पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार’ म्हणून गाड्या पुढं निघून जातात. मदत करणाऱ्याला कायद्यानं संरक्षण आहे: २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १३४अ. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता करण्याची केंद्राची योजना आहे. हे आकडे परीक्षेला आले नाहीत तरी पाठ असावेत. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती.

हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्याला दोघांनाही सक्तीचं आहे, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळं अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. पण पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच आदळण्यात डोक्यावरून निघून जातं. हायवेच्या कडेला मिळणाऱ्या टोप्यांवर पैसे घालवू नयेत, आयएसआय शिक्का बघावा.

आईबापांसाठी थोडं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी, पालकांच्या संमतीनं. बाजारात आज पेट्रोलच्या ज्या स्कूटर मिळतात त्या याच्या दुप्पट क्षमतेच्या. त्यामुळं अकरावी-बारावीच्या मुलाच्या हातात स्कूटरची किल्ली देणं बहुतेक वेळा कायद्याबाहेरचं असतं. कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. क्लासला उशीर होतो या कारणापुढं हे फार महाग आहे. दुसरीकडं, चाळिशीनंतर स्कूटर शिकणाऱ्या बायका आता गावोगावी दिसतात. त्यांना अर्जासोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, फॉर्म १अ, लागतं एवढाच फरक. प्रश्न तेच. वर्षानुवर्षं मागच्या सीटवरून रस्ता बघत आलेल्या माणसाला ते अवघड जात नाहीत.

लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सच्या चाचणीला ते निघाल्यापासून ३० दिवसांनंतरच बसता येतं. हे ३० दिवस फुकट जातात, कारण बहुतेक जण चाचणीच्या आदल्या दिवशी मैदानात ‘आठ’ काढायचा सराव करतात आणि तेवढंच. गाडीला पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा. शिकवणारा लायसन्सधारक सोडून मागं कुणालाही बसवायचं नाही, मित्राला तर नाहीच. पहिला आठवडा सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर क्लच आणि दोन्ही ब्रेक. मग गर्दी नसलेला गोल चौक, उजवीकडं बघत. मग एक सोपा चढ, मध्येच थांबून पुन्हा गाडी उचलण्यासाठी. सांगलीच्या आयर्विन पुलासारखा, १९२९ साली बांधलेला अरुंद पूल सरावाच्या शेवटी ठेवावा. तिथं चूक झाली तर बाजूला घ्यायला जागा नाही. रात्रीची गाडी पक्कं लायसन्स मिळाल्यावर, आणि तीही आधी माहितीच्या रस्त्यावर. आरसी, विमा, पीयूसी आणि लर्निंग सोबत हवं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रंही चालतात. तीस वर्षांच्या आत लायसन्स काढलं तर ते चाळिसाव्या वर्षापर्यंत वैध राहतं. अठराव्या वर्षी काढणाऱ्याला पुढची बावीस वर्षं आरटीओ नियमांबद्दल काही विचारणार नाही, म्हणून चाचणीला जायच्या आदल्या रात्री ते प्रश्न एकदा पुन्हा, या वेळी प्रत्येक उत्तराचं कारण मोठ्यानं सांगत, सोडवून बघावेत.